राजगडाची आभासी सफर पानात बसवताना

राजगडाची ३६० अंशांतली सफर आमच्या गटाने वेबपानावर आणली, तेव्हा बहुतेकांनी विचारलं ते कॅमेऱ्याबद्दल. कुठला घेतला, किती मेगापिक्सेलचा, ड्रोन उडवला का. ड्रोन उडवला नाही. कॅमेरा दोन भिंगांचा, दुकानात सहज मिळणारा. पण या कामात माझा जीव गुंतला आणि सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका न दिसणाऱ्या गोष्टीत. पानाच्या आत मजकुराचा एक तुकडा असतो. कुठलं दृश्य कुठल्या दृश्याला जोडलंय, दरवाजा किती अंशावर आहे, उत्तर कुठे आहे, बुरुजावर बोट टेकवलं की कुठली ओळ दिसायची, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आम्ही त्याला नुसतं ‘कॉन्फिग’ म्हणतो. आपल्या गावच्या मंदिराची, वाड्याची, बारवेची अशी सफर करू पाहणारे पुष्कळ आहेत आणि ते नेमके इथेच अडकतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

राजगडाआधी आम्ही एका घाटवाटेची सफर केली होती, एका सशुल्क सेवेवर. तिथे सगळं माउसने. फोटो चढवा, बाण ओढून ठेवा, नाव टाका, झालं. वर्गणी भरायची पुढची वेळ आली तेव्हा दर परवडेनात. बाहेर पडायचं ठरवलं तर हातात आले फक्त मूळ फोटो, जे आमच्याकडे होतेच. कुठला बाण कुठे, कुठल्या टाक्यात पाणी असतं, कुठल्या वळणावर वाट चुकते, हे गावातल्या माणसांना विचारून विचारून जमवलेलं सगळं त्या सेवेच्या पोटात राहिलं. असं फक्त आमच्याच बाबतीत झालं असंही नाही. जगभरच्या कितीतरी आभासी सफरी फ्लॅशमध्ये बनलेल्या होत्या. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि त्या उघडेनाशा झाल्या. शाळांसाठी असलेलं गूगलचं एक्सपिडिशन्स ॲप जून २०२१ मध्ये बंद झालं. फोटो कुणाच्या ना कुणाच्या हार्ड डिस्कवर राहतात, जोडण्या मात्र जातात. फोटो पुन्हा काढता येतो. पण या दगडाला काय म्हणतात, इथून कुठे जाता येतं, हे सांगणारा माणूस पुन्हा भेटेलच असं नाही. त्यामुळे या खेपेला मी पहिल्यापासून एकच हट्ट धरला: ही माहिती साध्या, वाचता येणाऱ्या मजकुरात राहील आणि ती पानाच्या आतच असेल.

राजगड निवडला कारण तो चालत बघायचा गड आहे. रायगडाआधीची ही स्वराज्याची राजधानी, सुमारे पाव शतक इथून कारभार चालला. २०२५ च्या जुलैत मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात हाही आहे. तीन बाजूंना तीन माच्या (पद्मावती, सुवेळा, संजीवनी) आणि मधोमध उंच बालेकिल्ला. पद्मावती माचीवरून वर निघालं की एका जागी वाटा फुटतात. डावीकडे सुवेळा, उजवीकडे संजीवनी, समोर बालेकिल्ल्याची चढण. गड डोक्यात बसतो तो या तिठ्यावर उभं राहिल्यावरच. सुटे फोटो कितीही सुंदर असोत, एकामागून एक लावले तर हा तिठा कळत नाही. ज्यांचे गुडघे आता चोरदरवाजाची वाट चढू देत नाहीत, त्यांना तो तिठा घरबसल्या कळावा, एवढी साधी इच्छा होती.

गड राज्य संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे पुरातत्त्व संचालनालयाकडे रीतसर अर्ज केला, काय करणार आणि काय नाही ते लिहून दिलं. चित्रीकरणाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यातल्या काही गोष्टींचा पुढे कॉन्फिगशी संबंध येतो.

संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी आहे. दोन भिंतींच्या मधून माणूस जेमतेम चालतो. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात दोन अर्धगोल जिथे जुळतात तिथे एक शिवण पडते, आणि जवळची वस्तू त्या शिवणीवर आली की दगड तुटल्यासारखे दिसतात. म्हणून तिथे भिंगं दोन्ही भिंतींकडे तोंड करून लावली, म्हणजे शिवण बोळाच्या लांबीकडे, दूरच्या मोकळ्या भागात पडते. चित्र स्वच्छ आलं. पण त्यामुळे फोटोचा मध्य वाटेकडे न येता भिंतीवर आला, आणि फोटो उघडताच माणसाला भिंत दिसणार. हे कॉन्फिगमध्ये सुधारता येतं हे ठाऊक असल्यामुळेच तसा फोटो बेधडक काढता आला. झेंड्याजवळ कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो एकत्र केले तर फडकणाऱ्या भगव्याचे तीन झेंडे होतात, म्हणून तिथे एकच फोटो ठेवला. तिपाई जिथे उभी केली त्या जागेवर खडूचीही खूण करायची नाही असं आमचं ठरलेलं होतं. तिच्या पायांचा आणि आजूबाजूच्या दगडांचा एक जवळून फोटो काढून ठेवला, एवढीच खूण. हे जवळचे फोटो पुढे फार कामाला आले.

दाखवायचं साधन म्हणून पॅनेलम घेतलं. हे मुक्त स्रोत आहे, एमआयटी परवान्याचं, मॅथ्यू पेट्रॉफ यांनी लिहिलेलं. हलकंफुलकं आहे, कुठलाही सर्व्हर-प्रोग्राम लागत नाही, आणि सगळी सफर ते एका जेसन मजकुरातून वाचतं. जेसन म्हणजे नाव आणि त्यापुढे माहिती अशा जोड्यांत लिहायची, माणसाला आणि संगणकाला दोघांनाही वाचता येणारी पद्धत. त्या मजकुराची रचना समजायला सोपी आहे. वर एक ‘डीफॉल्ट’ भाग, त्यात पहिलं दृश्य कुठलं ते. त्याखाली ‘सीन्स’, म्हणजे दृश्यांची यादी. प्रत्येक दृश्याला एक ओळखनाव, शीर्षक, फोटोचा पत्ता, उघडताना नजर कुठे असावी ते दोन आकडे, आणि ‘हॉटस्पॉट्स’, म्हणजे टिचकी मारायच्या जागा. हॉटस्पॉट दोन तऱ्हेचे: एक दुसऱ्या दृश्यात नेणारा, दुसरा नुसती माहिती दाखवणारा. जागा सांगायची दोन कोनांत. ‘यॉ’ म्हणजे फोटोच्या मध्यापासून डावी-उजवीकडे किती अंश, आणि ‘पिच’ म्हणजे क्षितिजापासून वर-खाली किती. हे कोन मोजायला त्यात सोय आहे. ‘हॉटस्पॉट-डीबग’ चालू केलं की फोटोत जिथे टिचकी माराल तिथले अंश ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे आतल्या नोंदींच्या खिडकीत, उमटतात. संध्याकाळी घरी बसून नेढ्याच्या (कड्यातल्या आरपार भोकाच्या) कडेवर, बालेकिल्ल्याच्या दरवाजावर, पाली दरवाजाच्या कमानीवर टिचक्या मारत आकडे टिपत जायचं, यात मला खरोखर आनंद मिळाला. गड पुन्हा सावकाश बघितल्यासारखं झालं ते.

हे जेसन हाताने लिहायचं नाही, हे लवकर पटलं. एका स्वल्पविरामाने आख्खं पान कोरं राहतं. शेवटच्या नोंदीनंतर चुकून स्वल्पविराम राहिला तर चालत नाही, मध्ये शेरा लिहिलेला चालत नाही, अवतरणचिन्ह सरळच हवं, वळणदार नको. म्हणून एक तक्ता केला, साध्या स्प्रेडशीटमध्ये. एका पानावर दृश्यं, दुसऱ्यावर हॉटस्पॉट. प्रत्येक ओळीत: कुठल्या दृश्यात, किती अंशावर, कशाकडे नेतो, काय मजकूर, आणि शेवटी एक रकाना ‘आधार’. तक्त्यातून जेसन तयार करायला पायथन या भाषेत छोटी लिपी, म्हणजे स्क्रिप्ट किंवा छोटासा प्रोग्राम, लिहिली. गटातल्या ज्यांना प्रोग्रॅमिंगशी देणंघेणं नाही त्यांनी तक्ता भरायचा, लिपीने बाकीचं करायचं.

तो ‘आधार’ रकाना आमच्या सरांचा आग्रह. सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक, राजगड त्यांच्या पायाखालचा. ते म्हणाले, “अगं, सईबाईंचं १६५९ मधलं निधन आणि १६७० मधला राजाराम महाराजांचा जन्म या गोष्टी वेगळ्या, आणि बालेकिल्ल्याच्या दरवाजात अफजलखानाचं शिर पुरलं असं सांगतात ती गोष्ट वेगळी. दोन्ही एकाच सुरात लिहिशील तर वाचणाऱ्याने काय करायचं?” म्हणून प्रत्येक माहितीपुढे तिचा आधार: लिखित साधन, गडावरचा फलक, की सांगोवांगी. पॅनेलमला अशा जास्तीच्या नोंदीचं काही करायचं नसतं, ते तिच्याकडे बघतही नाही. पण ती जेसनमध्ये राहते आणि उद्या दुसरं कुणी ती वाचू शकतं. मी मग तीच नोंद घेऊन माहितीच्या चौकटीखाली बारीक अक्षरात दाखवायची सोय केली. मला विचाराल तर आख्ख्या सफरीतली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे.

आता मराठीत असं काम करणाऱ्यांना जे भेटणारच आहे ते. सरांचा मजकूर श्रीलिपीत टंकलेला होता, वर्षानुवर्षांचा. तो जसाच्या तसा चिकटवला तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो, कारण जुन्या फॉन्टांत अक्षराचा आकार मराठी असला तरी आतला संकेत युनिकोडचा नसतो. सगळा मजकूर परिवर्तकातून काढला आणि मग ओळ न् ओळ वाचली. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा हमखास सरकलेल्या असतात, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्या रूपात साठवायची, पानाच्या डोक्यावर तसं जाहीर करायचं, आणि फाइलच्या सुरुवातीला अदृश्य खूण ठेवणारा संपादक वापरायचा नाही. ती खूण जेसन वाचणाऱ्याला पहिल्याच अक्षराला अडवते.

त्याहून मजेशीर पेच आकड्यांचा. तक्ता भरणाऱ्या मंडळींचा कळफलक मराठी, त्यामुळे अंश अगदी सहज देवनागरीत लिहिले जात: १३२.५. आपल्याला तो आकडाच वाटतो, पण जेसनच्या नियमांत (आरएफसी ८२५९, २०१७) आकडा म्हणजे फक्त इंग्रजी अंक, 0 ते 9. देवनागरी अंक आला की वाचणं तिथेच थांबतं. उणे चिन्हाचंही तसंच. फोनवरून भरलेल्या ओळींत आखूड रेघेऐवजी लांब रेघ यायची, दिसायला जवळपास सारखीच. मी मंडळींना इंग्रजी अंकांची सक्ती केली नाही. त्यांना जसं लिहायची सवय आहे तसं लिहू दे. लिपीतच दहा अंकांची आणि तीन तऱ्हेच्या रेघांची अदलाबदल घातली. पायथन देवनागरी अंकसुद्धा आकडा म्हणून वाचतो, तो चांगुलपणा इथे उपयोगी पडला. उलट दाखवायच्या मजकुरात सन आणि आकडे देवनागरीतच ठेवले, कारण तो माणसाने वाचायचा भाग.

ओळखनावं मात्र रोमन अक्षरांत ठेवली. जेसनला मराठी ओळखनाव चालतं, पण एखाद्या दृश्याचा थेट दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की त्यातलं प्रत्येक मराठी अक्षर टक्क्याच्या चिन्हांच्या लांबलचक माळेत बदलतं. ‘नेढ्याचा दुवा पाठव’ म्हटल्यावर चार ओळींची माळ गेली तर समोरचा उघडायला कचरतो.

आता मूळ प्रश्न: हे तयार जेसन ठेवायचं कुठे? सोपा मार्ग म्हणजे वेगळी फाइल करायची आणि पानाने ती मागवून घ्यायची. पॅनेलमचं स्वतंत्र दर्शकपान असंच चालतं, पत्त्याच्या शेवटी कॉन्फिग फाइलचं नाव द्यायचं आणि ते पान आपल्या पानात चौकटीत बसवायचं. हे झटपट होतं, पण त्यात सफर आणि मजकूर यांची ताटातूट होते. कुणी पान जतन करून ठेवलं तर कॉन्फिग त्याबरोबर जाईलच असं नाही. दुसरा मार्ग म्हणजे डीआयव्ही टॅगच्या (पानाच्या एचटीएमएलमध्ये चौकट सांगणाऱ्या खुणेच्या) गुणधर्मात सगळं जेसन कोंबायचं. तिथे प्रत्येक अवतरणचिन्हाचं रूप बदलावं लागतं आणि मग माणसाला ते वाचता येत नाही. माझी तर वाचता येणं हीच अट होती.

शेवटी निवडला तिसरा मार्ग: पानातच एक स्क्रिप्ट टॅग, म्हणजे एरवी प्रोग्राम ठेवायची खूण, पण त्याचा प्रकार ‘ॲप्लिकेशन/जेसन’ असा लिहायचा. ब्राउझरला हा प्रकार दिसला की तो आतला मजकूर चालवत नाही, फक्त माहितीचा गठ्ठा म्हणून बाजूला ठेवतो. टॅगला एक ओळखनाव द्यायचं, आणि पानाच्या शेवटी चार ओळींचा जावास्क्रिप्ट तो मजकूर उचलतो, जेसन म्हणून वाचतो, पॅनेलमच्या हाती देतो. पानाचा स्रोत उघडला की कुणालाही सगळी सफर वाचता येते: दृश्यं, जोडण्या, अंश, आधार. पानातच लिहिलेला प्रोग्राम चालू न देणारं कडक सुरक्षा-धोरण लावलं तरी हा गठ्ठा अडत नाही, कारण तो चालवायचा नसतोच. ते चार ओळींचं जावास्क्रिप्ट तेवढं वेगळ्या फाइलीत हलवायचं.

यात एक खड्डा आहे आणि तो प्रत्येकाने आधीच बुजवून ठेवावा. ब्राउझर स्क्रिप्ट टॅगच्या आत जेसन शोधत नाही, तो फक्त टॅग बंद करणारी खूण शोधतो. एखाद्या माहितीच्या चौकटीत कुणी टॅगांसकट मजकूर चिकटवला आणि त्यात ती बंद करणारी खूण असली, तर गठ्ठा तिथेच तुटतो आणि उरलेलं जेसन पानावर सांडतं. उपाय छोटा आहे. जेसन पानात घालण्याआधी त्यातलं प्रत्येक ‘<’ चिन्ह त्याच्या युनिकोड संकेताने बदलायचं. जेसन वाचताना ते आपोआप पुन्हा मूळ चिन्ह होतं, आणि ब्राउझरला मात्र फसवी खूण दिसत नाही. लिपीत ही एक ओळ आहे. बाहेरच्या माणसांकडून मजकूर घेत असाल तर सुरक्षेसाठीही ही ओळ हवीच.

गटाचं संकेतस्थळ चालतं त्या प्रणालीत लेख लिहायच्या चौकटीत स्क्रिप्ट टॅग टाकला की तो जतन करताना गायब व्हायचा, आणि सरळ अवतरणचिन्हं वळणदार व्हायची. लेख सुंदर दिसावेत म्हणून केलेली ती सोय जेसनचा जीव घेते. म्हणून सफरीचं पान त्या चौकटीबाहेर, स्वतंत्र एचटीएमएल पान म्हणून ठेवलं आणि लेखातून त्याचा दुवा दिला. तुमच्याही ठिकाणी असंच असेल तर चौकटीशी भांडत बसू नका.

पान चालू झालं तेव्हा पहिल्यांदा सरांना दाखवलं. त्यांनी चोरदरवाजाखालच्या दृश्यातून वर जाणाऱ्या बाणावर बोट ठेवलं, चित्र विरघळून पुढचं आलं, आणि ते थांबले. “मी वर चढून आलो ना? मग तोंड दरीकडे कसं? चोरदरवाजातून डोकं वर काढलं की समोर पद्मावती तळं दिसायला पाहिजे.” तांत्रिक बाजूने काहीच बिघडलेलं नव्हतं. दृश्य उघडताना नजर फोटोच्या मध्यावर जाते, आणि फोटोचा मध्य म्हणजे कॅमेरा त्या दिवशी जिकडे तोंड करून उभा होता ती बाजू. पण गड चढलेल्या माणसाचं अंग हे मान्य करत नाही. चालताना ज्या दिशेला तोंड आहे त्याच दिशेला तोंड ठेवून माणूस पुढच्या जागी पोचतो. तिठ्यावर तर हे फार महत्त्वाचं. तिथे नजर उलटली की डावीकडची सुवेळा उजवीकडे जाते आणि सगळा गड आरशात बघितल्यासारखा होतो.

पॅनेलममध्ये याला उत्तर आहे. हॉटस्पॉटमध्ये पुढच्या दृश्यातली नजरेची दिशा लिहिता येते, आणि तिथे आकड्याऐवजी ‘सेम-ॲझिमथ’ असा शब्द दिला की आधीच्या दृश्यात तुम्ही पूर्वेकडे बघत असाल तर पुढच्यातही पूर्वेकडेच बघता. अट एवढीच की प्रत्येक फोटोचा ‘नॉर्थ-ऑफसेट’ माहीत हवा, म्हणजे फोटोचा मध्य उत्तरेपासून किती अंशावर आहे ते. कॅमेरा स्वतः फोटोच्या आत दिशा लिहून ठेवतो, पण त्या आकड्यांवर मला भरवसा ठेवता येईना. शेजारशेजारच्या दोन फोटोंत एकच डोंगर वेगवेगळ्या दिशेला दाखवला जात होता.

मग गडाचे शेजारीच कामाला लावले. राजगडावरून सिंहगड उत्तरेला थोडा पूर्वेकडे, सुमारे ३० अंशावर दिसतो, आणि त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा हवा स्वच्छ असली की काडीसारखा उभा असतो. तोरणा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. पुरंदर जवळजवळ थेट पूर्वेला. नकाशावर राजगडावरच्या आपल्या जागेपासून या तिघांची दिशा मोजायची, फोटोत त्यांच्यावर टिचकी मारून यॉ बघायचा, दोन्हींची वजाबाकी म्हणजे नॉर्थ-ऑफसेट. मनोऱ्यावरून आलेलं उत्तर आणि तोरण्यावरून आलेलं उत्तर अंशभरात जुळलं की खात्री पटायची. जिथून दूरचं काहीच दिसत नाही, जसं संजीवनीच्या दोन तटांमधला बोळ, तिथे उपग्रह-नकाशावर तटाची दिशा मोजली. हे काम मी एकटीने केलं नाही. ज्यांनी हयातभर या डोंगररांगा ओळखण्यात आनंद मानला अशा दोघा-तिघांना फोटो पाठवले की “तो डावीकडचा सुळका कुठला” हे मिनिटात कळायचं.

इथून पुढे तक्त्यात मी एक बदल केला, आणि या सगळ्या खटाटोपातून दुसऱ्यांना द्यावीशी वाटणारी गोष्ट म्हणजे हीच. हॉटस्पॉटची दिशा फोटोच्या मध्यापासून लिहायची नाही, उत्तरेपासून लिहायची. सुवेळा माची तिठ्यावरून कुठे आहे हे गडाचं सत्य आहे, त्या दिवशी तिपाई कशी फिरवली होती त्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. लिपी जेसन बनवताना प्रत्येक दिशेतून त्या फोटोचा नॉर्थ-ऑफसेट वजा करते आणि यॉ काढते. उत्तर १८० च्या वर गेलं तर ३६० वजा करते, उणे १८० च्या खाली गेलं तर ३६० मिळवते. फायदा असा की उद्या त्याच जागेवरून नवा फोटो काढला तर तक्त्यात एकच आकडा बदलायचा. त्यासाठी तिपाई मात्र जुन्याच जागी हवी, कारण दूरचा डोंगर हातभर सरकल्याने हलत नाही, पण चार पावलांवरचा दरवाजा हलतो. तिपाईच्या पायांचे ते जवळचे फोटो यासाठीच.

दुसरा फायदा सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर. मार्झिपानो आणि केआरपॅनो ही अशीच दुसरी साधनं. मार्झिपानो कोन अंशांत घेत नाही, रेडियन या दुसऱ्या एककात घेतं, आणि खालची बाजू अधिक धरतं. केआरपॅनोमध्ये अंशच आहेत, पण तिथेही खाली म्हणजे अधिक. पॅनेलममध्ये वर म्हणजे अधिक. तक्त्यात आम्ही ‘उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने इतके अंश, क्षितिजाच्या वर इतके’ असं वरच्या ओळीत मराठीत लिहूनच ठेवलंय. उद्या पॅनेलम राहिलं नाही तरी दुसऱ्या कुठल्याही साधनासाठी लिपीतल्या दोन ओळी बदलल्या की भागेल.

फोनचं थोडक्यात. जुन्या फोनांची ग्राफिक्स एका मर्यादेपलीकडचं चित्र घेत नाहीत, बऱ्याच ठिकाणी ती मर्यादा ४०९६ पिक्सेल असते, आणि गडाच्या पायथ्याच्या गावांत असे फोन भरपूर आहेत. पॅनेलमसोबत येणारी एक लिपी मोठ्या फोटोचे ५१२ पिक्सेलचे तुकडे करून देते, नजर जाईल तेवढेच तुकडे उतरतात. त्याची नोंद जेसनमध्ये ‘मल्टीरेझ’ म्हणून जाते. काही अडलंच तर येणारे संदेशही जेसनच्या ‘स्ट्रिंग्ज’ भागातून मराठीत देता येतात. फक्त त्यात आकडे बसायच्या जागांचा क्रम ठरलेला आहे, आधी चित्राची रुंदी, मग फोनची मर्यादा. वाक्य त्या क्रमाने रचायचं.

आणखी एक गोष्ट मात्र थोडक्यात उरकणार नाही. आमच्या ओळखीतल्या एका दृष्टिहीन मित्राने स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा प्रोग्राम) लावून पान उघडलं. त्याला ऐकू आलं ते शीर्षक आणि एक बटण, बस. सगळी सफर चित्रफलकावर रंगवलेली, आणि स्क्रीन रीडरला चित्रफलकाच्या आत काही दिसत नाही. पण माहिती तर पानातच होती, शब्दांत, दिशांसकट! तक्त्यातूनच लिपीने आणखी एक गोष्ट तयार केली: दर्शकाच्या खाली साधी मजकुराची यादी. प्रत्येक दृश्याचं नाव, तिथे काय आहे, आणि तिथून कुठे जाता येतं ते. ‘तिठा. पूर्वेकडे सुवेळा माचीची वाट, पश्चिमेकडे संजीवनी माचीची, समोर दक्षिणेला बालेकिल्ल्याची चढण.’ प्रत्येक नावावर दुवा. मित्राने ती यादी कानांनी चालून काढली आणि नंतर मला फोनवर विचारलं, “नेढ्यातून वारा कुठून कुठे वाहतो ते का लिहिलं नाहीस?” त्या प्रश्नानंतर तक्त्यात ‘आवाज आणि वारा’ असा रकाना आला आहे. गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला आता तो भरायला सांगतो. शोधयंत्रांनाही हीच यादी वाचता येते, पण ती केली त्या मित्रासाठी.

सध्या पावसाळ्यातल्या फोटोंचं काम चालू आहे. तीच दृश्यं, त्याच तिपाईच्या जागा, सगळं हिरवं आणि अर्धं ढगात. सिंहगडाचा मनोरा त्यातल्या कित्येक फोटोंत दिसतच नाही, त्यामुळे नॉर्थ-ऑफसेट जुळवायला जवळच्या बुरुजांच्या कडा आणि तळ्याचे कोपरे वापरतो आहोत. त्यांच्या दिशा उन्हाळ्यातल्या फोटोंवरून तक्त्यात आधीच आहेत. तक्ता, लिपी आणि पानाचा नमुना कुणालाही मोकळेपणाने देतो आहोत. दोन गावांतल्या मंडळींनी आपापल्या मंदिरांसाठी तो घेतला आहे, आणि त्यातल्या एकाने ‘आधार’ रकान्यात ‘आजीने सांगितलं’ अशी नवी नोंद सुरू केली आहे. सरांनी ती मान्य केली, फक्त आजी कुठल्या गावची हेही लिहायला सांगितलं.